सातबाऱ्यावर कुणाचं नाव?

मैत्रिणींनो, आपल्यापैकी कितीतरी जणींच्या सासरी अजून गावाकडे जमीन आहे. सणावारी आपण जातो, येताना तूरडाळ, ज्वारी घेऊन येतो. पण त्या जमिनीच्या सातबाऱ्यावर आपल्या यजमानांचंही नाव आहे, हे एरवी कुणाच्या ध्यानात असतं? आमच्या घरी ते ध्यानात आलं 2025 साली.

त्या सप्टेंबरात सीना नदीला पूर आला आणि आमचं दोन हेक्टर सोयाबीन पाण्याखाली गेलं. जमीन ह्यांच्या आणि धाकट्या भावजींच्या नावावर सामाईक आहे. कसतात मात्र भावजी आणि जाऊबाई. पाणी ओसरल्यावर तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक येऊन पंचनामा करून गेले. निदान 33 टक्के पीक गेलं असलं, तरच मदत मिळते. 2015 पर्यंत तर ही अट 50 टक्क्यांची होती, बरं का! तेव्हाचा केंद्राचा दर कोरडवाहूला हेक्टरी 8,500, बागायतीला 17,000 आणि फळबागेला 22,500 रुपये. म्हणजे आमच्या शेताला त्या दरानं 17,000.

आता गंमत पाहा. हा पैसा घाम गाळणाऱ्याकडे जात नाही, सातबाऱ्यावरच्या नावाकडे जातो. खातं सामाईक असलं की एकाच्या नावे रक्कम जमा व्हायला बाकीच्यांचं संमतीपत्र लागतं. शहरातल्या भावाला रजा नसते, बहीण परगावी असते, कुणाचं आधार बँकेला जोडलेलं नसतं. तोवर गावाकडची माणसं वाट बघत बसतात.

आमच्या शेजारणीनं सल्ला दिला, "अर्धे तुमच्या हक्काचे आहेत, सोडू नका." खोटं कशाला बोलू? दिवाळी तोंडावर होती आणि पैसे कुणाला नको असतात? पण जाऊबाईंचा फोन आला. म्हणाल्या, "ताई, वाफसा आला की ज्वारी पेरायचीय. रान काही थांबत नाही हो." मी ह्यांना एवढंच म्हटलं, "पीक कुणाचं बुडालं? आपला तर पगार झाला की!" ह्यांनी दुसऱ्याच दिवशी अर्धा दिवस रजा काढली आणि संमतीपत्रावर सही करून पाठवलं.

पण एक गोष्ट मनाला अजून टोचते. पेरणी, खुरपणी, काढणी सगळ्यांत जाऊबाईंचे हात, आणि कागदावर त्यांचं नाव कुठेच नाही. उद्या असल्या बाईवर कठीण प्रसंग आला, तर वारसनोंद होईपर्यंत तिनं मदत मागायची कुठल्या नावानं? नवऱ्यानं आपखुशीनं बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावावं म्हणून लक्ष्मीमुक्तीचं सरकारी परिपत्रक 1992 सालीच निघालंय. तरी ते किती घरांत पोचलं, तुम्हीच सांगा.

तेव्हा येत्या भाऊबिजेला माहेरी जाल किंवा सासरी, सातबारा एकदा मागून बघा. वारसनोंद राहिली असेल तर करून घ्या. संमतीपत्राचं आधीच बोलून ठेवा. आणि जावेचं, वहिनीचं नाव लावायचा विषय तुम्हीच काढा. त्या स्वतः काढायच्या नाहीत. आपण शहरातल्या, आपलं कुणीतरी ऐकतं. ते ऐकणं त्यांच्या कामी येऊ दे!