आज्ञा धाडायच्या केव्हा?

१९९२ साली सिलिकॉन ग्राफिक्सने ओपनजीएल प्रसिद्ध केले. चित्र काढण्याच्या आज्ञा देणारा प्रोग्रॅम एका यंत्रावर, चित्र काढणारे यंत्र दुसरे आणि मध्ये नेटवर्क, ही शक्यताही त्याच्या रचनेत धरलेली होती. एकेक आज्ञा सुटी धाडणे परवडणारे नव्हते. त्या बफरमध्ये साठत व गठ्ठ्याने जात. साठा रवाना करण्यासाठी ‘जीएलफ्लश’ होते. त्याचे वचन मात्र मुत्सद्द्याला शोभेल असे: आज्ञा ‘मर्यादित काळात’ पूर्ण होतील. किती, हे मोघमच.

पुढे दोन्ही बाजू एकाच संगणकात नांदू लागल्या, तरी पेच सुटला नाही. गठ्ठा लहान ठेवला तर दर खेपेला कर्नेलकडे जाण्याचा खर्च. मोठा होऊ दिला तर जीपीयू काम नसल्याने बसून. योग्य क्षण ड्रायव्हरने अंदाजाने ठरवायचा. अंदाज हुकला की गेम अडखळे, आणि ती लिहिणाऱ्याला कारण दिसतही नसे.

२०१३ मध्ये एएमडीने मँटल जाहीर केले. त्याच्याच पायावर उभे राहिलेले व्हल्कन ख्रोनोसने २०१६ मध्ये आणले. त्यात कमांड बफर प्रोग्रॅमच भरतो, रांगेत केव्हा सोडायचा हेही तोच ठरवतो. अनेक थ्रेड एकाच वेळी आपापले बफर भरू शकतात, ही त्यातली खरी कमाई. लहान गठ्ठे वारंवार धाडण्याचा दोष मात्र आता ड्रायव्हरच्या माथी मारता येत नाही.