जाणणारा आणि करणारा

मूल जन्मल्यावर पाचव्या रात्री सटवाई येते आणि त्याच्या कपाळावर उभे आयुष्य लिहून जाते, असे माझी आजी सांगते. पाटा-वरवंटा पुजून, शेजारी कोरा कागद आणि लेखणी ठेवून साजरी होणारी पाचवी मी लहानपणापासून पाहत आले आहे. "लिहिलेले चुकत नाही" हे वाक्य मला बाळकडूबरोबरच मिळाले.

गेल्या उन्हाळ्यात मला एक स्थळ आले. मुलगा नोकरीला, घर खाऊनपिऊन सुखी. अण्णांनी विचारले, "तुझं काय मत हाय?" आमच्या घरात मुलीला असा प्रश्न बहुधा पहिल्यांदाच विचारला गेला असावा. आणि मी मात्र "तुम्ही म्हणाल तसं" म्हणून मोकळी झाले! आजी म्हणाली, "व्हायचं ते सटवीनं कवाच लिवलंय." त्या वाक्याचा मला आधार वाटला, हे कबूल केले पाहिजे. उत्तर देण्याची जबाबदारीच उरली नाही.

ही हकिकत मी एका ख्रिस्ती मैत्रिणीला सांगितली. ती म्हणाली, "आमचा देव कपाळावर लिहीत नाही. पण तू काय उत्तर देणार, हे त्याला आधीच ठाऊक आहे." मी चिडले. ठाऊक असणे आणि लिहिलेले असणे, यात फरक तो काय? देवाचे ज्ञान खोटे ठरू शकत नाही. मग माझे "हो" किंवा "नाही" माझे कसे? ती म्हणाली, "पेत्राची गोष्ट वाच."

मी वाचली. कोंबडा आरवण्यापूर्वी तू मला तीनदा नाकारशील, असे येशू पेत्राला सांगतो. पेत्र ते ठामपणे नाकारतो. पण त्याच रात्री तसेच घडते आणि तो बाहेर जाऊन रडतो. मी त्या रडण्यापाशी थांबले. "तूच तर आधी सांगितले होतेस, माझा काय दोष?" असे पेत्र म्हणत नाही. केलेले आपलेच आहे, हे त्याला ठाऊक होते.

ग्रंथालयात आणखी शोधले. संत ऑगस्टीन म्हणतो, आपल्या स्मरणामुळे भूतकाळ घडलेला नसतो. तसेच देवाच्या पूर्वज्ञानामुळे भविष्य घडत नाही. सहाव्या शतकात बोएथियसने मृत्युदंडाची वाट पाहत तुरुंगात ग्रंथ लिहिला. त्याच्या मते देवाला काल-आज-उद्या नाहीच. तो सारे एकाच वर्तमानात पाहतो. आणि चालणाऱ्याला कुणी पाहिले, म्हणून तो चालत नसतो. परंतु सर्व ख्रिस्ती विचारवंत येथेच थांबत नाहीत. सोळाव्या शतकातील जॉन कॅल्व्हिन म्हणतो, कोणाचे तारण व्हायचे हे देवाने स्वतःच आधी ठरवले आहे. ते वाचून मला आमची सटवाई आठवली!

माझी शंका पूर्ण फिटली आहे असे नाही. भूतकाळ बदलता येत नाही. मग देवाच्या दृष्टीपुढे भविष्यही तसेच पक्के असेल, तर मला मोकळीक कितीशी? तर्काने हे कोडे मला सुटले नाही. पण माणसे कशी जगली, हे पाहिल्यावर थोडे उमगले.

आमच्या गावाजवळून वाहणारी भीमा पुढे दौंडकडे जाते. त्याच दौंड तालुक्यात केडगावला पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली, १८८२ साली पती गेले. असे कपाळ घेऊन कोणी बसून राहिले असते, तर कोण दोष देणार? १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण तेथील सिस्टर जेराल्डिन यांनाही त्यांनी पत्रांतून ठणकावले, की आपल्याला स्वतःची सदसद्विवेकबुद्धी आहे. सर्वज्ञ देवावर एवढी श्रद्धा असलेल्या बाईने आपली निवड कोणाच्याही हाती दिली नाही!

आणि दूर कशाला? पुण्याकडे जाताना भीमेचा पूल ओलांडला की जयस्तंभ लागतो. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर तेथे आले होते. पुढे १९३५ साली येवल्यात त्यांनी जाहीर केले, की कोणत्या धर्मात जन्मावे हे आपल्या हाती नव्हते, पण त्याच धर्मात आपण मरणार नाही. १९५६ साली त्यांनी ते खरे केले. जन्म मिळतो, पुढचे पाऊल आपणच टाकायचे असते.

देवाला माझे उत्तर ठाऊक असेलही. पण ते मला ठाऊक नव्हते, आणि ते शोधण्याचे काम माझ्यासाठी दुसरे कोणी करणार नव्हते. मी गप्प बसले तरी तेही माझेच उत्तर ठरणार होते.

एका संध्याकाळी मी अण्णांना म्हणाले, "पदवी झाल्याशिवाय मला लग्न करायचं नाही." आवाज कापत होता. अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. दोन दिवसांनी त्यांनी पाहुण्यांना नकार कळवला. आजी आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. मग एकदा भाकरी वाढताना पुटपुटली, "हे बी सटवीनं लिवलंच असंल."

असेल, आजी. पण बोलावे मलाच लागले.