काचेच्या कौलाखालचा उजेड

शहापूरच्या बाजारपेठेत माझ्या फोटो स्टुडिओची पाटी १९८१ साली लागली. घरची शेती भाताची, एकपिकी. आवणी-कापणी झाली की हात रिकामे, म्हणून दोन वर्षे मुंबईत एका स्टुडिओत उमेदवारी केली होती आणि एक जुना याशिका कॅमेरा घेऊन गावी परतलो होतो. एका रोलात बारा फोटो. पासपोर्ट, शाळेचे ग्रुप, लग्नातल्या पंगती, एवढ्यावर दुकान चालायचे. तान्ह्या बाळाच्या फोटोला बोलावणे क्वचित येई. फोटो काढला की आयुष्य घटते, अशी म्हाताऱ्या बायांची समजूत.

असे पहिले बोलावणे आले ते मुरबाड तालुक्यातल्या एका पाड्यावरून, १९८२ च्या शिमग्याआधी. किन्हवलीमार्गे एसटीने गेलो, पुढे दीड तास चाल. घर कारवीच्या कुडाचे, वर कौले. बाळ दीड महिन्याचे, टोपडे घातलेले, कपाळावर काजळाची तीट. मी पिशवीतून फ्लॅश काढला तशी आजी पुढे झाली. "भाऊ, ती वीज पोराच्या डोळ्यावर नको पाडू," म्हणाली. मी फ्लॅश ठेवून दिला. त्या माऊलीला बाळ घेऊन ओटीच्या उंबऱ्याशी बसवले, पाठीमागे उन्हाने पांढरेफटक पडलेले खळे, आणि मी घरात. मला दोघांची तोंडे स्वच्छ दिसत होती. खळ्यावरचे ऊन बघून अॅपर्चर बारीक केले आणि सहा फोटो घेतले.

आपला डोळा मोठा लबाड आहे, मंडळी. अंधारातले आणि उन्हातले तो एकदम जुळवून घेतो. फिल्मला ते जमत नाही. धुऊन बघतो तर सहाही फोटोंत खळे छान, उडवी छान, आणि मायलेकरांच्या जागी काळ्या आकृती. मी ते तसेच छापून दिले. त्यांनी काही न बोलता पैसे मोजले, आणि मी ते घेतले.

श्रावणात ते बाळ तापाने गेले. भाद्रपदात नवराबायको दोघे दुकानात आली. फोटो प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणलेला. "मोठा करून द्या," बाप म्हणाला, "आणि तोंड जरा दिसंल असं करा."

निगेटिव्हवर जे उमटलेच नाही ते छापणार कुठून? जास्त उजेड लागलेली निगेटिव्ह काळी होते, ती वेळ देऊन छापता येते. कमी उजेडाची निगेटिव्ह म्हणजे नुसती पारदर्शक पट्टी. दोन रात्री डार्करूममध्ये काढल्या. कडक कागद वापरला, कुठे झाकून छापले, कुठे उघडे ठेवून. धंद्यातल्या एका जाणत्याने सांगितले, पेन्सिलीने डोळे-नाक काढून दे, सगळेच करतात. ते माझ्याच्याने झाले नाही. शेवटी टोपड्याच्या कडेवर आणि एका कानावर मागून आलेल्या उन्हाची रेघ होती, तेवढी उठून आली. माऊलीने त्या रेघेवरून बोट फिरवले. "कान माझ्या बापासारखा हाय," म्हणाली. पैसे घेतले नाहीत, पण तेवढ्याने काही फिटत नाही.

त्यानंतर मी उजेड शिकायला बसलो. बहिणीचे मूल घरी होते, आणि आईच्या माजघराच्या कौलांत एक काचेचे कौल होते. त्यातून पडणारा उन्हाचा चौकोन दिवसभर भिंतीवरून सरकतो, हे लहानपणापासून बघत आलो होतो, पण कधी विचार केला नव्हता. त्या कौलाखाली आतून पांढरे पातळ धोतर बांधले. उन्हाचा चट्टा गेला आणि दुधासारखा उजेड खाली उतरला. एका बाजूने तोंडावर सावली राहात होती. तिथे दोरीवर पांढरा पंचा टांगला, ती निवली. मूल दूध पिऊन झोपलेले, त्याला कशाचा पत्ता नाही. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली निघाली आणि डॉ. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी तेव्हापासूनचे फोटोग्राफर. त्या काळी स्टुडिओंना उत्तरेकडे काचेचे छप्पर असे, म्हणजे थेट ऊन न येता आभाळाचा उजेड यावा. आमच्या माजघरात तेच होते, फक्त वीतभर.

काचेचे कौल नसेल तिथे दार. आईने दाराकडे तोंड करायचे, उंबऱ्यापासून तीन फूट आत, आणि फोटोवाल्याने बाजूला सरून उभे राहायचे. दिव्यापासूनचे अंतर दुप्पट केले की उजेड निम्मा होत नाही, चौथाई होतो. दाराचा हिशेब इतका नेटका नाही, पण कल तोच. दोन हात मागे सरकले तरी फरक पडतो. छताकडे फ्लॅश मारून मऊ उजेड मिळवावा असे पुस्तके सांगतात. ती पुस्तके लिहिणाऱ्यांनी चुलीच्या धुराने काळी झालेली कौले पाहिलेली नसावीत. ती सगळा उजेड गिळतात.

रंगीत फिल्म आली तेव्हा आणखी एक घोळ. पावसात ओटीला निळे प्लॅस्टिक लावतात. त्यातून आलेल्या उजेडाने गोजिरे बाळ निळसर आले आणि आजी घाबरली. आणि रंगाचेच म्हणाल तर परदेशी कोडॅक कंपनीची रंग जुळवायची नमुना-चित्रे कित्येक वर्षे गोऱ्या बाईची होती. आमच्या सावळ्या माणसांना त्या मापाने छापले की तोंडे मातीसारखी दिसत. 'जरा गोरा करा' म्हणणारेही पुष्कळ भेटले. मी गोरा करीत नसे, डोळ्यांत उजेड येईल असे बसवीत असे.

हल्ली मोबाईलवर सगळेच फोटो काढतात. काढावेत. पण नऊ दिवसांच्या बाळाला उघडे करून टोपलीत मुडपून ठेवतात, ते मला बघवत नाही. मान धरायला आईचा हात हवा, आणि अंगावर दुपटे.

१९८४ च्या माघात त्याच पाड्यावरून पुन्हा बोलावणे आले. दुसरे बाळ, मुलगी. मी दोन दिवस आधी जाऊन त्यांच्या छपराला काचेचे कौल बसवून आलो. आजीने उजेडात हात धरून बघितला आणि काही बोलली नाही. या वेळी बाराही फोटो घेतले. माऊली म्हणाली, "त्याच्या शेजारी लावायचा हाय. तेवढ्याच मापाचा कर, भाऊ."