धातू कोणता, आणि कोणाचा?

पोलिस ठाण्याकडून आमच्या प्रयोगशाळेत मुद्देमाल येतो तेव्हा सोबत एक पत्र असतं. पुडक्यावर लाखेचं सील, पंचांच्या सह्यांचं लेबल, आणि पत्राच्या शेवटी प्रश्न. चोरीच्या सोन्यात ते बहुधा दोनच असतात: ‘सदर लगड सोन्याची आहे काय, असल्यास शुद्धता किती?’ आणि ‘सदर लगड फिर्यादीच्या दागिन्यांपासून बनविली आहे काय?’ पहिल्याचं उत्तर मी चहा गार व्हायच्या आत देतो. दुसऱ्यानं मात्र माझ्या नोकरीची बरीच वर्षं खाल्ली.

सातारा-सांगलीच्या माणसाला लगड म्हणजे काय, हे सांगावं लागत नाही. विटा, आटपाडी, तासगाव आणि इकडे खटाव-माण या दुष्काळी पट्ट्यातली माणसं गलाईच्या धंद्यासाठी देशभर गेली. परमुलखातल्या सराफ पेठांत सोनं आटवायचं, शुद्ध करायचं, टंच काढून द्यायचा, यावर गावाकडची घरं उभी राहिली. पण मुशीत गेलेल्या सोन्याची ओळखही आटते. बोरमाळ, पाटल्या, मंगळसूत्राच्या वाट्या, सगळ्याची एकच लगड होते. घडण जाते, नक्षी जाते. उरतो तो निव्वळ धातू. माझं काम तिथून सुरू होतं.

लगड एक्स-रे फ्लुओरेसन्सच्या यंत्रात ठेवतो. क्ष-किरण अणूच्या आतल्या कक्षेतला इलेक्ट्रॉन उडवून लावतात. रिकाम्या जागेवर बाहेरच्या कक्षेतला इलेक्ट्रॉन उतरतो आणि दोन पातळ्यांमधली ऊर्जा किरणाच्या रूपात बाहेर पडते. ती प्रत्येक मूलद्रव्याची ठरलेली: तांब्याची ८.०५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, जस्ताची ८.६४, सोन्याची ९.७१, चांदीची २२.१६. पडद्यावर त्या त्या जागी शिखरं उभी राहतात, त्यांच्या उंचीवरून प्रमाण काढायचं. हजारात ९१६ भाग सोनं म्हणजे बावीस कॅरट. लगडीवर ओरखडाही उठत नाही, आणि ते गरजेचंच असतं. कोर्टाचा आदेश झाला की हा माल मालकाला परत द्यायचा असतो.

किरणांवरून मूलद्रव्य ओळखायचं हे तत्त्व जुनं आहे. बुन्सेन आणि किरखॉफ यांनी १८६० मध्ये ज्योतीच्या वर्णपटातल्या निळ्या रेषांवरून सीझियम शोधलं. पुढच्याच वर्षी विल्यम क्रूक्स यांना एक अनोळखी हिरवी रेषा दिसली, ते थॅलियम. २०२३ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातल्या महागावात एकाच कुटुंबातले पाच जण दगावले, तेव्हा तपासात याच धातूचं नाव पुढे आलं. विषप्रयोगात धातूचं नाव कळलं की तपासाला दिशा मिळते. चोरीत नाव आधीच माहीत असतं, आणि अडचण त्याच्या पुढे असते.

पहिल्या प्रश्नातही एक अडचण आहे: यंत्राची नजर उथळ. सोन्यात ती काही मायक्रॉनपलीकडे जात नाही. आत टंगस्टन भरून वर जाड सोनं चढवलं, तर यंत्र बाहेरच्या सोन्याचंच प्रमाणपत्र देईल; टंगस्टनची घनता सोन्याच्या इतकी जवळ की तराजूही फसतो. असा माल कापावा लागतो, किंवा गलाईवाल्याच्या आगीकडे जावं लागतं. नमुना चांदीसह शिशाच्या पत्र्यात गुंडाळून कपेल नावाच्या सच्छिद्र वाटीत ठेवून भट्टीत घालायचा. शिसं हिणकस धातू घेऊन कपेलात मुरतं, चांदी नायट्रिक ॲसिडमध्ये विरघळते, राहिलेलं सोनं तोलायचं. पण भेसळीत इरिडियम असेल तर तेही ॲसिडला दाद देत नाही आणि सोन्याच्या वजनात मोजलं जातं. ती लबाडी क्ष-किरण पकडतात. आगीची चूक किरण काढतात, किरणांची आग काढते. म्हणून शंका असेल तिथे मी दोन्ही कसोट्या लावल्याशिवाय सही करत नाही.

आता दुसरा प्रश्न, माल कोणाचा हा. तो सोन्यासारखाच तांब्यातही येतो. पाटणजवळच्या वनकुसवड्याच्या पठारावर आणि कवठेमहांकाळच्या ढालगाव भागात पवनचक्क्या आल्या आणि त्यांच्यामागोमाग तांब्याच्या केबलच्या चोऱ्या. चोर वरचं प्लास्टिक जाळून तांबं भंगारात विकतात. जप्त तारेचा तुकडा ॲसिडमध्ये विरघळवून आर्गॉनच्या प्लाझ्मात फवारला, की हजारो अंशांच्या उष्णतेत प्रत्येक धातू आपल्या तरंगलांबीचा प्रकाश देतो. तांब्याची ३२४.७ नॅनोमीटरची रेषा ठळक येते, पण ती येणारच. उपयोग झाला तर लेशमात्र असलेल्या चांदी, अँटिमनी, अर्सेनिकचा. वीजवाहक तांबं मात्र ९९.९ टक्के शुद्ध लागतं, आणि एकाच घाण्यातून निघालेली तार शेकडो गिऱ्हाइकांकडे जाते. दोन तुकडे तंतोतंत जुळले तरी ते एकाच मनोऱ्यावरचे ठरत नाहीत.

हे विसरण्याची किंमत अमेरिकेनं मोजली आहे. तिथली एफबीआय गोळीतल्या शिशात अर्सेनिक, अँटिमनी, कथील, तांबं, बिस्मथ, चांदी आणि कॅडमियम मोजून ‘ही गोळी आरोपीच्याच खोक्यातली’ अशा साक्षींना आधार पुरवत असे. मोजमापात खोट नव्हती. राष्ट्रीय संशोधन परिषदेनं २००४ मध्ये दाखवून दिलं, की त्यावरून काढलेला निष्कर्ष त्या आकड्यांना पेलत नाही. पुढच्या वर्षी एफबीआयनं ही पद्धत बंद केली. म्हणून माझ्या अहवालात ‘एकच आहे’ असं येत नाही. ‘घटकांच्या दृष्टीने फरक आढळला नाही’ एवढंच येतं. पुष्कळ तपास अधिकाऱ्यांचा त्यावर हिरमोड होतो. पण घटक जुळले नाहीत तर ‘ही तार त्या केबलची नाही’ असं मी छातीठोक सांगू शकतो. निरपराध माणसाला सोडवणारं ते वाक्यही सरकारी कामच आहे.

मालकी सिद्ध होते ती दुसऱ्या खुणांनी. पक्कडीनं तोडलेल्या तारेच्या टोकावरचे चरे उरलेल्या टोकाशी सूक्ष्मदर्शकाखाली जुळतात. हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षरांकांचा एचयूआयडी हा ओळखक्रमांक असतो, आणि १ एप्रिल २०२३ पासून त्याशिवाय हॉलमार्कचा दागिना दुकानात विकता येत नाही. पण हे सारं आटणीआधीचं. आटणीनंतर उरते गलाईवाल्याची वही: कोणी आणलं, वजन किती, कधी, ओळखपत्र काय. चोरीचं सोनं घेतल्याच्या संशयावरून परमुलखात आपल्याच लोकांवर चौकशीची वेळ येते, ही गलाई बांधवांची जुनी तक्रार आहे. त्यांना मी यंत्र घ्यायच्या आधी वही नीट ठेवा म्हणतो. किरण टंच सांगतील. सोनं कोणी आणलं, हे वहीतच लिहिलेलं असतं.