रेंज नसलेला वीकएंड

एक्सेल शीटमध्ये अकरा कॉलम होते. वेळ, ठिकाण, अंतर, रस्ता कसा आहे, टॉयलेट कुठे, खायला काय, सावली आहे का, पायऱ्या किती, जवळचं हॉस्पिटल, तिथे पोचायला किती मिनिटं आणि सगळ्यात शेवटी, रेंज.

बायकोने शीट वरपासून खालपर्यंत पाहिली. ती आयटीत टीम लीड आहे, त्यामुळे असल्या शीट्स रोज बघते. म्हणाली, 'अरे, आपण वीकएंडला निघालोय की प्रॉडक्शन रिलीजला?'

आता जरा माझी बाजू ऐका. मासकॉम केल्यापासून मी फ्रीलान्सिंग करतो. 'पुण्याजवळची दहा निवांत ठिकाणं', 'जोडप्यांसाठी पाच हटके स्पॉट्स' हे लेख नेमकं लिहितं कोण, असा प्रश्न तुम्हाला कधी पडला असेल, तर बंदा हाजीर आहे! त्यातल्या निम्म्या ठिकाणी मी स्वतः गेलेलो नाही, हेही आता सांगून टाकतो. पण सहावा महिना लागलेल्या बायकोला दोन दिवस आरामासाठी कुठे न्यायचं, हा प्रश्न आला आणि सगळं ज्ञान कुचकामी ठरलं.

वीकएंडला कुठे जायचं म्हटलं, की अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे २०२४पासूनच्या अहिल्यानगरमध्ये, लोकांना पटकन आठवतं ते शिर्डी, नाहीतर शनिशिंगणापूर. गर्दी आणि रांगा बाद म्हणून मी नगर शहर सुचवलं. १९४२ ते १९४५ नेहरू जिथे कैदेत होते आणि जिथे त्यांनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं तो भुईकोट किल्ला आणि शिवाय रणगाड्यांचं म्युझियम.

'सहाव्या महिन्यात रणगाडे?' तिने विचारलं. विषय संपला.

'भंडारदरा,' ती म्हणाली. कॉलेजात असताना ती भर पावसात कळसूबाई चढली होती. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. पण तिला आठवतं ते फक्त धुकं, लोखंडी शिड्या आणि पुढच्या मुलीचे बूट. 'या वेळी मला काहीही चढायचं नाहीये. खाली बसून बघायचंय.'

माझी हरकत एकच होती. तिथे रेंजचा भरवसा नाही. एवढ्याशा गोष्टीचं मला इतकं का वाटावं, ते पुढे येईलच.

घरून अर्थातच विरोध. 'अशा दिवसांत एवढा प्रवास? आणि नदी ओलांडू नये म्हणतात,' आई म्हणाली. मी मॅप उघडून मोजलं. मोशीला इंद्रायणी, राजगुरुनगरला भीमा, कळंबला घोड, नारायणगावला मीना, पुढे कुकडी, घारगावला मुळा आणि संगमनेरला प्रवरा. सात! आईला आकडा सांगितला नाही.

डॉक्टर मात्र कूल होत्या. सगळं नॉर्मल असेल तर मधले तीन महिने प्रवासाला सर्वांत बरे, त्या म्हणाल्या. सुरुवातीची मळमळ संपलेली असते आणि शेवटचं अवघडलेपण यायचं असतं. फक्त दर दीड-दोन तासांनी उतरून पाय मोकळे करायचे आणि भरपूर पाणी प्यायचं, कारण या दिवसांत एका जागी फार वेळ बसलं तर पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. सीट बेल्ट लावायचाच. खालचा पट्टा पोटावरून नाही, तर पोटाच्या खालून, मांड्यांच्या वरच्या बाजूला. वरचा छातीच्या मधून पोटाच्या कडेने. सगळ्या रिपोर्ट्सची फाइल जवळ ठेवायची आणि लोहाची गोळी चहाबरोबर घ्यायची नाही. मी सगळं लिहून घेत होतो. शेवटी त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, 'आणि तुम्ही जरा श्वास घ्या.'

नोव्हेंबरातल्या शनिवारी सकाळी सातला निघालो. जवळपास दोनशे किलोमीटर. एरवी चार-साडेचार तासांचा रस्ता आम्ही सात तासांत कापला. स्पीडब्रेकर दिसला की मी गाडी जवळजवळ उभीच करायचो. नारायणगावला चहा (गोळी तासभर आधीच झाली होती), आळेफाट्याला टॉयलेट, मग चंदनापुरीचा घाट. संगमनेरच्या पुढे उसाने लादलेल्या ट्रॅक्टरनेही आम्हाला ओव्हरटेक केलं. 'बघ, त्याचीही बायको प्रेग्नंट असती तर...' ती हसत म्हणाली. मी हसलो नाही. अकोले गेलं, राजूर आलं. इथे ग्रामीण रुग्णालय, असं शीटमध्ये लिहिलेलं होतं. तिथल्या गेटसमोरून मुद्दाम सावकाश गाडी काढली. गरज लागली तर १०८ नंबर आहे, पण तो लावायला फोन तर चालला पाहिजे ना? राजूर मागे पडलं आणि माझ्या मोबाइलवरच्या काड्या एकेक करून गेल्या.

तलावाच्या काठची खोली होती. समोर पाणी आणि पाण्यापलीकडे रतनगडाच्या बाजूचे डोंगर. तिने व्हरांड्यातली खुर्ची ओढली, दुसरीवर पाय ठेवले आणि बसली.

शीटप्रमाणे चारला रंधा धबधबा. साडेपाचला विल्सन डॅम. रविवारी सकाळी रतनवाडीचं अमृतेश्वराचं मंदिर. शिवाय माझी माहिती तयार होतीच. 'हे धरण १९१०ला सुरू झालं आणि १९२६ साली पूर्ण झालं. प्रवरा रतनगडावर उगम पावते आणि टोक्याला गोदावरीला मिळते. वाटेत नेवाशाला तिच्याच काठी १२९० साली ज्ञानेश्वरी...'

'हे तू लेखात लिही,' ती डोळे मिटून म्हणाली. 'मी इथेच आहे. तू जाऊन ये रंध्याला.'

मी गेलो नाही. बसलोही नाही. खुर्चीपासून पायरीपर्यंत आणि पायरीपासून गेटपर्यंत फोन उंच धरून फेऱ्या मारत राहिलो. गेटजवळच्या एका दगडावर उभं राहिलं की एक काडी यायची.

रात्री दोनच्या सुमाराला जाग आली, तर शेजारी ती नाही. माझ्या पोटात जे झालं ते लिहिता येत नाही. धावत बाहेर आलो. ती शाल पांघरून त्याच खुर्चीत बसलेली.

'काय होतंय? दुखतंय का? गाडी काढू?'

'काही नाही रे. झोप येत नव्हती. बस.'

आता ते सांगायला हवं. त्याच्या दीड वर्ष आधीही ती प्रेग्नंट होती. दहावा आठवडा होता, अजून कुणाला सांगितलंही नव्हतं. मी कोकणात होतो, अशाच एका वीकएंडच्या लेखासाठी. रात्री तिला रक्तस्राव सुरू झाला. तिने मला चौदा फोन केले. माझ्या समुद्रकाठच्या सुंदर खोलीत रेंज नव्हती. शेवटी ती एकटी रिक्षा करून हॉस्पिटलला गेली. चौदा मिस्ड कॉल मला दुसऱ्या दिवशी अकराला, हायवेवर आल्यावर एकदम दिसले. लेख मी डेडलाइनला दिला. हेडिंग होतं, 'जिथे फोनही वाजत नाही'.

त्यानंतर आम्ही त्या रात्रीबद्दल कधी बोललोच नाही. ती सोमवारी ऑफिसला गेली. मी घरातली भांडी घासायला लागलो, तिची औषधं आणायला लागलो. दुसऱ्यांदा दिवस राहिल्यावर मुक्कामाची असाइनमेंट्स बंद केली. मला वाटायचं, यालाच काळजी घेणं म्हणतात.

'तुला माहितीये?' अंधारात ती म्हणाली. 'आदल्या दिवशी मी स्कूटरवरून ऑफिसला गेले होते. तो सगळा खणलेला रस्ता. मला अजून वाटतं, त्यानेच झालं.'

'अगं, डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं ना...' सांगितलं होतंच. पहिल्या तीन महिन्यांतल्या अशा घटनांपैकी साधारण निम्म्यांमध्ये गर्भाच्या गुणसूत्रांतच चूक झालेली असते. स्कूटरने, कामाने किंवा प्रवासाने ते होत नाही आणि टाळताही येत नाही.

'ऐकलं होतं. पटलं नव्हतं. तुला पटलं होतं का?'

मी गप्प. नव्हतंच पटलं. मी तिथे असतो तर काहीतरी केलं असतं, असं मला रोज वाटायचं. त्या शेवटच्या कॉलममध्ये ते सगळं कोंबलेलं होतं.

'तू नव्हतास याचा मला राग होता,' ती म्हणाली. 'खूप होता. पण त्यानंतर तू इतका असतोस, इतका असतोस, की मला जरा घाबरायलाही जागा उरली नाही. मी घाबरले की तू दुप्पट घाबरतोस. मग मलाच तुला सांभाळावं लागतं.'

'मग मी काय करू?'

'म्हटलं ना, बस.'

बसलो. थंडी होती. पाण्याचा बारीक आवाज येत होता, तो दिवसभरात मला ऐकूच आला नव्हता. कुणीही शहाण्यासारखं काही बोललं नाही. मी रडलो, ती पण. पहाटे कधीतरी आत जाऊन झोपलो आणि चक्क साडेनऊपर्यंत उठलो नाही. रतनवाडी गेली.

स्वयंपाकाच्या मावशींनी नागलीची भाकरी आणि पिठलं वाढलं. बायकोकडे बघून विचारलं, 'कितवा ताई?'

'सहावा.'

'पहिलंच का?'

हा प्रश्न तिला यापूर्वी पंचवीस जणांनी तरी विचारला असेल. दर वेळी ती 'हो' म्हणायची आणि मी दुसरीकडे बघायचो. या वेळी ती थांबली. म्हणाली, 'नाही. दुसरं. पहिलं राहिलं नाही.'

मावशी म्हणाल्या, 'माझीबी दोन गेली. मग पोरगा झाला.' त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि न विचारता ताटात आणखी एक भाकरी टाकली. बस्स, एवढंच. बायकोने ती भाकरी अख्खी संपवली.

दुपारी निघालो. राजूरला फोन टणाटण वाजायला लागला. आईचे सहा मेसेज होते. तिला फोन लावून दिला आणि गाडी चालवत राहिलो. येताना साडेपाच तास लागले.

परवा संपादकांचा फोन आला. या लेखासोबत 'भंडारदऱ्यात काय पाहाल?' अशी एक चौकट हवी आहे. मी ती शीट पुन्हा उघडली. बायकोने कधीतरी त्यात बारावा कॉलम टाकून ठेवला होता, 'प्रत्यक्षात'. शनिवार दुपारी चार, रंधा धबधबा: बसलो. साडेपाच, विल्सन डॅम: बसलो. रविवार सकाळी आठ, अमृतेश्वर: झोपलो. दहा: भाकरी खाल्ली. अकरा ते दोन: परत बसलो.

चौकटीत तेच छापा म्हणून सांगितलंय.