पट्टा कोठे अडकवावा

बसून वाजविणाऱ्याला गिटारीच्या वजनाची जाणीव सहसा होत नाही. मांडी, छाती आणि उजव्या हाताचा कोपर यांच्यात तो भार वाटला जातो आणि डावा हात केवळ स्वरांच्या सेवेसाठी मोकळा राहतो. आमच्या गायनवृंदाच्या साथीला उभे राहून वाजविण्याचे ठरले तेव्हा या भाराची नव्याने वाटणी करणे मला प्राप्त झाले. माझी गिटार ड्रेडनॉट घाटाची आहे, म्हणजे १९१६ साली अमेरिकेतील मार्टिन कंपनीने डिट्सन या विक्रेत्यासाठी प्रथम घडविलेल्या आणि ब्रिटिश युद्धनौकेचे नाव धारण करणाऱ्या त्या भरदार घाटाची. वजन सुमारे २ किलो, आणि पट्टा अडकविण्यासाठी पेटीच्या तळाशी एकच बटण. दुसऱ्या टोकाची कारखान्याने काहीच तजवीज केलेली नव्हती.

अशा वेळी पूर्वापार चालत आलेली वहिवाट अशी की, पट्ट्याला एक चामड्याची वादी जोडावी, ती नटाच्या पलीकडे, खुंट्यांच्या अलीकडे, तारांच्या खालून ओवून हेडस्टॉकला बांधावी. वाद्याला छिद्र पडत नाही आणि दोन्ही टोकांनी तोलले गेल्याने ते स्थिर राहते, हे तिचे गुण मी मान्य करतो. तथापि काही आठवडे त्या पद्धतीने वाजविल्यावर माझे मत तिच्या विरुद्ध गेले. पहिल्या पडद्याजवळ सी किंवा एफ कॉर्ड धरताना पट्टा नेमका डाव्या हाताच्या वाटेत येतो. शिवाय सारा ताण लांब, सडपातळ मानेच्या अगदी टोकाशी पडत असल्याने पेटीवर कोपर जरा दाबला की स्वर किंचित ढळल्याचे कानाला कळते, आणि ज्याला गायकांच्या षड्जाची जबाबदारी वाहायची आहे त्याने ही ढिलाई चालवून घेऊ नये.

राहिला दुसरा मार्ग : मान जेथे पेटीला मिळते त्या टाचेत नवे बटण बसविण्याचा. हे काम मी मिरजेला नेले. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यांतून ज्या गावी सतारी आणि तंबोरे घडविण्याची परंपरा उभी राहिली, तेथील हातांना लाकडाचा जोड म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. वृद्ध कारागिरांनी प्रथम गिरमिटाला हात न लावता पेटीच्या तोंडातून लहानसा आरसा आणि दिवा आत धरला. मान खाचेत गोंदाने बसविलेली आहे की आतून बोल्टांनी आवळलेली आहे, याचा खुलासा झाल्याशिवाय छिद्र पाडणे त्यांना मंजूर नव्हते. कारण बोल्ट असेल तर त्याच्या धातूवर गिरमिट जाऊन आदळते. माझ्या वाद्याचा जोड गोंदाचा निघाला. “चाचा, मागच्या अंगाला बसवलं तर?” असे मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, “तिथं बसवलं तर पेटी पुढं कलंडंल, साहेब. खालच्या तारांच्या बाजूला घेऊ. पट्टा टाचेला वळसा घालंल आणि वाद्य अंगाला धरून राहील.” टाचेच्या मागील टोकावरील पातळ टोपण स्क्रूच्या दाबाने चिरते, हे कारणही त्यांनी पुढे जोडले.

मग त्यांनी स्क्रूच्या आट्यांच्या आतील दांड्याएवढ्याच जाडीचे छिद्र लाकडाला काटकोनात पाडले, आट्यांना मेण चोळले आणि बटणाखाली नमद्याची चकती घालून स्क्रू हातानेच आवळला. मेणामुळे कठीण लाकडात स्क्रू विनासायास उतरतो व लाकूड फुटण्याचे भय कमी होते. नमद्यामुळे बटणाची कड लॅकरात रुतत नाही.

पट्ट्याच्या निवडीत मात्र मी कोणाचा सल्ला घेतला नाही. नायलॉनचा पट्टा स्वस्त आणि टिकाऊ खरा, पण सुती सदऱ्यावर तो घसरतो आणि मान हळूहळू जमिनीकडे झुकू लागते. ती सावरण्यास पुन्हा डावाच हात धावतो, म्हणजे ज्या कारणासाठी पट्टा घेतला तेच निष्फळ होते. व्हिनाइलचा पट्टा तर मी दुकानातच बाजूला ठेवला. माझ्या गिटारीवर नायट्रोसेल्युलोज लॅकरचा मुलामा आहे, आणि व्हिनाइल मऊ राखणारी द्रव्ये दीर्घ स्पर्शाने त्या मुलाम्यात उतरून त्याला चिकट, डागाळलेला करतात. अखेर कोल्हापुरास चपला करणाऱ्या एका कारागिराकडून, बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेल्या म्हशीच्या चामड्याचा, ५ सेंटिमीटर रुंदीचा पट्टा मुद्दाम करवून घेतला. त्याची आतली बाजू खरखरीतच ठेवावयास सांगितली, कारण खांद्यावर पकड तीच घेते. टोकांची छिद्रे बटणाच्या मुंडीहून लहान, प्रत्येकाला लागून एक छोटी चीर. कोरे चामडे बटणावर चढविताना अंगठे दुखले, पण बसले ते पक्के बसले. तळाच्या बटणाच्या जागी ध्वनिवर्धकाच्या तारेचा जाड जॅक असलेल्या गिटारींना ही चीर अधिक लांब ठेवावी लागते.

लांबी मुक्रर करताना मी खुर्चीवर बसून, वाद्य मांडीवर नेहमीच्या जागी धरून पट्टा ताणला, ते भोक निश्चित केले, आणि मग उठून उभा राहिलो. पेटी छातीशी होती तेथेच राहिली आणि डाव्या मनगटाचा कोन बदलला नाही. तालमीनंतर पट्टा काढून पेटाऱ्यात वेगळ्या कप्प्यात ठेवतो. चामड्याचा रंग आणि तेल लॅकरावर रात्रभर टेकू देण्यास माझी हरकत आहे.