माफी, बटण!

माफी आमच्याकडे आला त्याच्या अकराव्या दिवशी त्याने नवरीच्या धाकट्या बहिणीचं ब्लाउज खाल्लं. सगळं नाही. डाव्या बाहीचा काठ, पाठीची पट्टी आणि अस्तराचा एक कोपरा. काठ पैठणीचा होता. लग्न रविवारचं, हा प्रकार गुरुवारी दुपारचा. हूक लावायचे राहिले होते, तेवढंच नशीब. तीस वर्षं मी कोथरूडला घरी शिवणकाम करते. गिऱ्हाइकाला काय सांगावं हे आजवर कधी अडलं नव्हतं, त्या दिवशी अडलं. शेवटी जे घडलं तेच सांगितलं. मुलगी खो खो हसली. तिची आई हसली नाही.

माफीचं खरं नाव मफिन. माझ्या भाच्याचा बीगल, वय वर्षं दोन. भाचा शिकायला हँबर्गला गेला आणि जाताना पट्टा माझ्या हातात देऊन म्हणाला, "आत्या, फार गुणी आहे गं तो. घरात आहे हे कळणारसुद्धा नाही." सासूबाई ब्याऐंशी वर्षांच्या. त्यांच्या तोंडात मफिन काही बसेना, त्यांनी पहिल्याच दिवशी त्याचा माफी केला. आता घरात दिवसभर "माफी, इकडे ये", "माफी, अजिबात नाही" असं चालू असतं, आणि खालच्या मजल्यावरच्यांना वाटतं आमच्यात फार भांडणं होतात.

कुत्र्याला खेळवावं लागतं, ही गोष्टच मला नवीन होती. माझ्या माहेरी, वाडीवर, कायम एखादा तरी कुत्रा असे. त्याला कुणी कधी खेळवलं नाही. सकाळी दादांबरोबर विहिरीवर जायचं, दुपारी खळ्यावरची पाखरं उठवायची, आल्यागेल्यावर भुंकायचं, रात्री ओट्यावर पडायचं. त्याचा दिवस भरलेला असे, हे मला आता कळतंय. माफीचा दिवस म्हणजे सहाशे चौरस फूट, दोन वेळचं खाणं आणि माझ्या मशीनची घरघर.

पहिला उपाय नवऱ्याने काढला. "दमव त्याला, झोपेल." पहाटे साडेपाचला तो माफीला घेऊन वेताळ टेकडीवर जाऊ लागला. पहिले दोन दिवस माफी परत येऊन आडवा झाला. आम्ही खूश. तिसऱ्या दिवशी आला, पाणी प्यायला आणि माझा इंचटेप घेऊन पलंगाखाली गेला. मग फेरी वाढवली, चेंडू नेला, पायऱ्या पळवलं. महिनाभरात असं झालं की नवऱ्याचं वजन अडीच किलोने उतरलं आणि माफी एखाद्या धावपटूसारखा तयार झाला. रोज जितकं पळवावं तितका त्याचा दम वाढत होता. आम्हीच त्याची तालीम घेत होतो, अधिक वेळ धिंगाणा घालता यावा म्हणून.

तोवर एप्रिल लागला. संध्याकाळी लवकर बाहेर काढला तर तो पाय उचलून उचलून नाचल्यासारखा चाले. मला वाटलं, नवीन खोडी. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, हाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवून बघा, पाच-सात सेकंद ठेववली नाही तर त्यालाही चालवू नका. मी टेकवली आणि तीन सेकंदांत उचलली. त्याच भेटीत त्यांनी कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षं, मनुका, बेदाणे यांपैकी काहीही कुत्र्याच्या पोटात जाऊ द्यायचं नाही अशी तंबी दिली. सासूबाई रोज त्याला बेसनलाडवातला बेदाणा काढून देत होत्या, ते मी तिथे बोलले नाही. घरी येऊन बोलले.

डॉक्टरांनीच एका ट्रेनर मुलीचा नंबर दिला. ती येईल, शिट्टी वाजवेल, माफीला सरळ करेल, अशी माझी कल्पना. तिने माफीकडे बघितलंसुद्धा नाही. मला म्हणाली, "काकू, तुम्ही त्याला फिरवता कसं, ते दाखवा." खाली गेलो. माफी पहिल्याच खांबापाशी थांबला, मी सवयीने पट्टा ओढला. "हे कशाला?" तिने विचारलं. मी म्हटलं, "अगं, घाणीत तोंड घालतोय." ती म्हणाली, "पेपर वाचतोय तो."

मग बीगल म्हणजे काय ते तिने सांगितलं. सशाच्या मागावर वासाने जाण्यासाठी इंग्लंडात पैदास झालेली ही जात. कुत्र्याच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी 20 कोटींच्या पुढे असतात, आपल्या 50-60 लाख. अमेरिकेच्या विमानतळांवर 1984 पासून प्रवाशांच्या सामानातली फळं आणि मांस हुंगायला बीगलच ठेवले आहेत. हे ऐकून सासूबाई आतून म्हणाल्या, "म्हणजे वरच्या मजल्यावरचीचे आंबे यानेच पकडले!" तीन वर्षांपूर्वीचं ते प्रकरण. लेकीसाठी नेलेले सहा हापूस अमेरिकेत उतरल्यावर जप्त झाले, आणि पकडणारा कुत्रा दिसायला किती गोड होता हेच त्या बाई वर्षभर सांगत होत्या.

तर अशा कुत्र्याला आम्ही टेकडीवर पळवत होतो आणि हुंगायला लागला की ओढत होतो. मी स्वतःला शिवणकामातली समजते, पण ही चूक म्हणजे अख्खं ब्लाउज उलट्या बाजूने शिवण्यासारखी होती.

ट्रेनरने दाखवलेली पहिली गोष्ट अगदीच साधी निघाली. त्याचे दाणे वाडग्यात घालून समोर ठेवायचे नाहीत, त्याला शोधायला लावायचे. बाजारात त्यासाठी झालरी-झालरींची चटई मिळते, दाणे त्या झालरींत लपवायचे. मोबाईलवर तिने चित्र दाखवलं आणि किंमत सांगितली. किंमत ऐकून माझ्यातली शिंपीण जागी झाली. रबरी जाळीचं पायपुसणं आणलं, त्याच्या प्रत्येक भोकातून कापडाची वीतभर पट्टी ओवून गाठ मारली. आधी जुन्या सोलापुरी चादरीच्या पट्ट्या कापायला घेतल्या होत्या, पण हात थांबला. चादरीला सुतं सुटतात, आणि कुत्र्याच्या आतड्यात दोरा अडकला तर पोट फाडायची वेळ येते, हे डॉक्टरांनी सुई-दोऱ्याच्या संदर्भात बजावलं होतं. कडेला सुतं न सुटणारं कापड म्हणजे होजिअरी. भाचा जाताना जुने टी-शर्ट टाकून गेला होता, पाच निघाले. एका दुपारी चटई तयार.

मूठभर दाणे टाकले. माफी आला, नाक खुपसलं आणि तसाच थांबला. दाणे खाईना. एकेक पट्टी हुंगत गेला, अगदी सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत. टी-शर्ट धुतलेले होते, पण त्याच्या नाकापुढे साबणाचं काय चालणार. मी मशीनकडे तोंड करून बसले. थोड्या वेळाने दाणे चावल्याचा आवाज यायला लागला. वाडग्यातलं खाणं तो मिनिटभरात संपवी, त्या दिवशी वीस मिनिटं लागली आणि नंतर तो चटईवरच झोपला. टेकडीवरून आल्यावर असा कधी झोपला नव्हता.

मग मला चेव आला. सकाळी चटई, दहाला पुठ्ठ्याच्या खोक्यात खोके, बाराला सपाट ताटलीत घट्ट दही थापून फ्रीजरमध्ये गोठवलेलं चाटायला, दुपारी टॉवेलच्या गुंडाळीत गाजराचे तुकडे, संध्याकाळी शिकवणी. पाचव्या दिवशी माफी मोलकरणीवर भुंकला, नवऱ्यावर गुरगुरला आणि खोक्याच्या चिंध्या करून घरभर पसरला. मी रडकुंडीला येऊन फोन केला. ट्रेनर म्हणाली, "काकू, कुत्रा दिवसातला अर्ध्याहून जास्त वेळ झोपतो. तुम्ही त्याला झोपू कधी देता?" शिवाय खोकं तिसऱ्याच दिवशी चिकटपट्टी लावून बंद केलं होतं मी. जमणार नाही असं कोडं घातलं की तो शिकत नाही, चिडतो. सुरुवात इतकी सोपी हवी की हरणं शक्यच नको. नव्या मुलीला शिवण शिकवताना मी पहिल्या दिवशी उशीचा अभ्रा देते, बाही देत नाही, एवढं कळत असून हे सुचलं नाही.

शिकवणीत खरा घोळ झाला तो भाषेचा. भाच्याने त्याला इंग्रजी शिकवलं होतं, ते आमच्या तोंडी टिकेना. नवरा म्हणे "बस", मी "बैस", सासूबाई "खाली बस रे बाळा". "खाली" म्हणजे ट्रेनरच्या हिशेबी आडवं पडणं. त्यामुळे सासूबाईंच्या एका वाक्यात दोन हुकूम, आणि माफी मधल्या मध्ये वाकून उभा. शेवटी सर्वानुमते "बस" ठरलं. पण मराठी घरात दिवसाकाठी "बस" किती वेळा म्हटलं जातं याचा विचार कुणी केला नाही. वाढताना "बस, बस, पुरे". फोनवर "बस आली का गं?" पाहुण्यांना "बसा ना". प्रत्येक वेळी माफी इमानाने बसायचा आणि खाऊ मागायचा. न दिल्यावर दुसऱ्या आठवड्यात त्याने त्या शब्दावरचा विश्वासच काढून घेतला.

ट्रेनर म्हणाली, पुढचे शब्द तरी घरात ऐकू न येणारे निवडा. पुढचा धडा होता पसरलेल्या तळव्याला नाक लावायचं. कशात तोंड घालायला निघाला की हाक मारून तळहात पुढे करायचा, तो ते सोडून आपल्याकडे येतो. मी शब्द ठेवला "बटण". माझ्या घरात बटण हा शब्द ऐकू येत नाही, असं मला वाटलं होतं. यावर काही बोलत नाही. एवढंच सांगते की गिऱ्हाइकाने "बटणं लावायची हं" म्हटलं की माफी तिच्या तळहातात नाक खुपसतो, आणि बहुतेकींना ते आवडतं.

घरातली सगळ्यात चांगली शिक्षिका मात्र सासूबाई निघाल्या. त्यांच्याकडे वेळ आहे, आणि त्या एकच शब्द एकाच सुरात पन्नास वेळा म्हणू शकतात. तीन स्टीलच्या वाट्या पालथ्या घालायच्या, एकीखाली चपातीचा तुकडा, आणि "शोध". माफीने खऱ्या वाटीला नाक लावलं की वाटी उचलायची. आठवड्याभरात तो चुकेनासा झाला. मग वाट्या खोलीभर ठेवल्या, मग दाराआड, मग खुर्चीवर. ट्रेनरने त्यांना अमेरिकेतल्या चेसर नावाच्या बॉर्डर कोलीची गोष्ट सांगितली. तिच्या मालकाने, मानसशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी, तिला 1022 खेळण्यांची नावं शिकवली होती. सासूबाई म्हणाल्या, "एवढी खेळणी ठेवायला घर लागतं बाई." माफीला त्यांनी चार शिकवली आहेत. चेंडू, दोरी, मोजा आणि बदक. बदक तो निम्म्या वेळा मोजा समजतो.

ब्लाउजाचं म्हणाल तर बाही उसवून नवा काठ लावला, पाठीला जाळी दिली. ज्या आई हसल्या नव्हत्या, त्यांनी तसंच एक स्वतःसाठी शिवायला टाकलं. कात्री, दोरे, बॉबिन आता उंचावर असतात. मशीन सुरू झालं की माफी पायाशी चटईवर येऊन पडतो. रोजच असं नाही. परवाच त्याने खडूचा नवा डबा संपवला आणि दोन दिवस निळी शी केली.

गेल्या रविवारी सासूबाई आंघोळीला गेलेल्या असताना नवऱ्याने हौसेने त्यांच्या खोलीत खेळ मांडला. तुकडा कपाटाखाली ठेवला आणि म्हणाला, "शोध." माफीने कपाटाकडे ढुंकून पाहिलं नाही. सरळ पलंगावर चढला, गोधडीची घडी नाकाने उलटी केली आणि पेढ्यांचा खोका बाहेर काढला. अर्धा किलोचा, तळाशी पाचच उरलेले. सासूबाईंना मधुमेह होऊन चौदा वर्षं झाली. त्या केस पुसत दारात आल्या तेव्हा माफीच्या तोंडात एक पेढा होता आणि नवरा खोका धरून उभा.

"आई, हे काय?"

त्या माझ्याकडे बघेनात, त्याच्याकडे बघेनात. "डॉक्टर काय म्हणाले होते आठवतं का तुला?" नवऱ्याने सुरुवात केली, साखरेचा गेल्या महिन्याचा आकडा काढला, त्याच्या आधीचा काढला.

"बस झालं तुझं!" सासूबाई कडाडल्या.

माफी बसला.